चौबळ सरांचा ओळंबा

आधीच सांगते, अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधी जमलं नाही. चौथीनंतर पेन हातात धरलं ते दूधवाल्याचे खाडे लिहायला आणि मुलाच्या शाळेच्या कागदावर सही करायला, एवढंच. ही वही नातीची आहे, गणिताची, अर्धी कोरी. चौकटी आहेत म्हणून अक्षरं जरा रांगेत बसतात. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पण चौबळ सरांबद्दल इथली मराठी माणसं जे सांगतात ते अर्धवट आहे, आणि चारचौघांत तोंड उघडून सांगायचं मला होत नाही. तेव्हा चुका पोटात घालाव्यात.

जर्मनीत नेकारसुल्म गावी माझा मुलगा नितीन मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याचे वडील गेल्यावर मी इथे आले. आमच्या वरच्या गल्लीत शलाका राहते, तीही तिथेच कामाला. चौबळ सर तिचे वडील. डोंबिवलीत शाळेतली नोकरी सांभाळून त्यांनी तीस वर्षं स्कॉलरशिपचे क्लास चालवले. गुडघे आणि विद्यार्थी दोन्ही एकदमच संपले, असं ते स्वतःच सांगत. मग लेकीनं इकडे आणलं. येताना लोकांच्या बॅगेत लोणचं असतं, मेतकूट असतं. सरांच्या बॅगेतून खडूचे सहा डबे निघाले. फळा नव्हता. फळा नंतर घेतला.

दिसायला उंच, वाळके, आणि पाठीला असा पोक की समोरून येताना आधी लोकरीची टोपी दिसायची आणि मग माणूस. भर उन्हाळ्यातसुद्धा टोपी. सगळ्या गोष्टींना दहापैकी मार्क द्यायची त्यांना सवय होती. इथल्या पावाला चार. बस वेळेवर येते म्हणून बसला नऊ, ड्रायव्हर हसत नाही म्हणून त्यातला एक परत वजा. पहिल्यांदा मी त्यांना इथल्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला पाहिलं. आटवलेलं दूध रेणुकानं, माझ्या सुनेनं केलं होतं. सरांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, सात, वेलची पुढे पुढे करते आहे. घरी आल्यावर रेणुकानं वेलचीची बाटली मागच्या फळीवर टाकली.

त्याच दिवशी त्यांनी एकेकाला जवळ बोलावून दहावीला गणितात किती होते ते विचारलं. चाळिशीचे बाप्ये, इथली पदवी घेतलेले, मान खाली घालून सांगत होते. एकानं चार मार्क वाढवून सांगितले, तर सर म्हणाले, एकदा आठवून बघ. त्यानं आठवून बघितले. मग माझा नंबर आला. चौथी, म्हटलं. सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की हरकत नाही वहिनी, पाया तिथेच असतो. पाया तिथेच होता. इमारत पुढे झाली नाही, हे सगळ्यांना आपोआप कळलं. मी कपातल्या दुधाकडे बघत राहिले.

एक मात्र मी लवकरच पाहिलं. लेकीच्या घरी हा माणूस सोफ्याच्या कडेवर बसायचा, मध्ये नाही. जेवताना दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा नाही. जावयाचं घर. बाहेर साऱ्या गावाला मार्क वाटणारा माणूस घरात भाजीला मीठ कमी आहे म्हणून बोलत नव्हता. मीही मुलाच्या घरी राहते, त्यामुळे कडेवर कसं बसतात ते मला दिसतं.

तर पुढच्या वर्षी शाळेतून एक चिठ्ठी आली. माझी नात अन्वी तेव्हा नुकतीच चौथीत गेली होती. चिठ्ठीत एवढंच होतं, की विद्यापीठातली माणसं येऊन मुलांची उभं राहण्याची ढब आणि स्नायूंचा लवचिकपणा तपासणार आहेत. वाकून बोटं जमिनीला किती टेकतात, हात समोर धरून अर्धा मिनिट ताठ उभं राहता येतं का, टाचा न उचलता उकिडवं बसता येतं का. शेवटी प्रत्येकाला सिग्नलसारखा रंग देणार, हिरवा, पिवळा नाहीतर लाल. भाग घेणं ऐच्छिक. रेणुकानं मला सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, आई, ऐच्छिक म्हणजे घ्यायलाच पाहिजे.

इथे चौथीनंतर मुलानं पुढे विद्यापीठापर्यंत नेणाऱ्या मोठ्या शाळेत जायचं की साध्या, याची शिफारस वर्गशिक्षिका लिहिते. ते वर्ष आलं की आपल्या आयांच्या घशाखाली घास उतरत नाही. त्यात कुणीतरी म्हणालं, हा रंगही शिफारशीत धरतात. कुणीतरी म्हणजे चौबळ सर. त्यांना कुणी सांगितलं, हे कुणी विचारलं नाही. मोबाइलवरच्या आयांच्या गटात एकीनं विचारलं, सिलॅबस मिळेल का? तिला कुणी हसलं नाही. दुसरीनं विचारलं, मागच्या वर्षीचे प्रश्न कुणाकडे आहेत?

जर्मन आयांनी चिठ्ठीवर सही केली आणि दप्तरात टाकली. आपल्या चार घरांनी क्लास लावला. दर शनिवारी, शलाकाच्या दिवाणखान्यात, सगळ्या क्लासचे मिळून प्रत्येकी साठ युरो. सरांना वाकता येत नव्हतं, बसता येत नव्हतं, पायाला मालिश कुठून करतात हेसुद्धा माहीत नव्हतं. पण परीक्षा कशी असते ते त्यांना माहीत होतं, आणि त्यांच्या मते तेवढं पुरे होतं. तपासणारा कुठे उभा राहतो, कधी बघतो, कधी कागदावर लिहितो, हे कळलं की पेपर सुटलाच. त्यांनी फळ्यावर काडीचा माणूस काढला आणि खाली लिहिलं, आदर्श उत्तर.

काय काय शिकवलं म्हणून सांगू. बोटं टेकत नसतील तर बाई टेप वाचायला खाली वाकतील तेवढ्यात गुडघे किंचित सोडायचे. हात समोर धरल्यावर पोट पुढे यायला लागलं की खोकला काढायचा, खोकल्यात अंग सावरून घेता येतं. टी-शर्ट ढगळ घालायचा, कारण ढगळ कपड्यात चूक झाकते. मुलं आपापसात जर्मनमध्ये बोलायची आणि सरांना मराठीत हो म्हणायची. सर खूश. खालच्या मजल्यावरची म्हातारी दुपारच्या शांततेच्या वेळात धपधप आवाज होतो म्हणून तक्रार करायला वर आली, तर सरांनी तिलाच भिंतीजवळ उभं केलं आणि डोळा बारीक करून, डावीकडे झुकता आहात, असं हातानं दाखवलं. ती तशीच जिन्यानं खाली गेली, उजवीकडे झुकून.

डोळ्यानं मोजायचा तो अंदाज, म्हणून मग त्यांनी हत्यारांच्या दुकानातून गवंड्याचा ओळंबा आणला. पितळी, टोकदार, लांब दोरीचा. मुलाच्या मागे उंचावरून दोरी सोडून ती मानेशी आणायची आणि खाली वजन कुठे लोंबतं ते बघायचं. खुर्चीवर उभे राहायचे सर, आणि शलाका घाबरून खुर्ची धरायची. स्वतःच्या पोकावर ती दोरी धरली असती तर वजन पुढच्या खोलीत पडलं असतं.

अन्वीला सोडायला मी जायचे आणि स्वयंपाकघराच्या दारात बसायचे. दुसऱ्या शनिवारी उकिडवं बसायचा धडा होता. चारही मुलं टाचा उचलायची नाहीतर मागे कलंडायची. कमोडवर वाढलेली पोरं, त्यांना कुठून येणार. सर मला म्हणाले, वहिनी, जरा इकडे या. काही कळायच्या आत मी दिवाणखान्याच्या मधोमध उकिडवी बसलेली, साडी सावरून, आणि सर पट्टीनं माझ्या टाचा दाखवतायत. पाहा, म्हणाले, चौथी शिकलेल्या बाईला जमतं, तुम्हाला का जमू नये. दहापैकी दहा दिले. आयुष्यात पहिल्यांदा मला कशाततरी पैकीच्या पैकी मिळाले, ते शेतात भाजी खुडायला बसतात तसं बसण्याचे. तीन आया मोबाइलवर माझा फोटो काढत होत्या. घरी जाताना अन्वी म्हणाली, आजी, तूच बेस्ट, आणि माझा हात धरला. तेवढं बरं वाटलं.

मध्येच दिवाळी आली. नरकचतुर्दशीला मी अन्वीला पाटावर बसवून तेल लावलं. एरवी ती आंघोळीला दार लावून घेते, मोठी झाली आता. पाठीवरून तेलाचा हात फिरवताना उजवीकडे खवाट्यापाशी हात अडला. परत फिरवला. डावी बाजू सपाट, उजवी वर आलेली. तिला वाकायला सांगितलं, तर जास्तच. दुखत नव्हतं. गुदगुल्या होतायत म्हणून हसत होती. मी तीन पोरं न्हाऊ घातली आहेत, शेजारच्यांची वेगळी. पाठ कशी असते ते माझ्या हाताला माहीत आहे.

रेणुकाला सांगितलं. ती घाबरली, मग तिनं स्वतःलाच समजावलं. म्हणाली, आई, तेलामुळे हाताला तसं लागलं असेल, आणि पुढच्या आठवड्यात शाळेत तपासायला येतातच की, काही असलं तर तेच सांगतील. नितीनही तेच म्हणाला. बरोबरच होतं त्यांचं. फक्त त्या तपासणीत काही दिसू नये म्हणून साठ युरो भरले होते, हे दोघांच्या लक्षात येत नव्हतं, आणि मला ते नीट शब्दांत मांडता येत नव्हतं.

शेवटच्या शनिवारी मी लवकर गेले आणि सरांना गाठलं. चार दिवस मनात वाक्य जुळवत होते.

"सर, अन्वीची पाठ एका बाजूनं वर आली आहे. हाताला लागते."

"माहीत आहे मला. पहिल्याच दिवशी ओळंब्यात दिसलं. म्हणून तर तिच्यावर जास्त मेहनत घेतोय. उजवा खांदा दाबायचा, डाव्या पायावर भार द्यायचा. पोरगी हुशार आहे, सरळ दिसायला लागली."

"मेहनत नका घेऊ. शाळेत दिसू द्या."

"अहो वहिनी, लाल शेरा कागदावर आला की तो राहतो."

"पाठ पण राहते, सर."

त्यांनी चष्मा काढून पुसला. काळजी करू नका, म्हणाले, तिचा हिरवा माझ्याकडे लागला. आणि खडू घेऊन फळ्याकडे वळले. मी अन्वीला त्या दिवशी सांगू शकले असते, की सरांचं ऐकू नकोस, नेहमीसारखी उभी राहा. नाही सांगितलं. पुढे शिफारशीत काही कमीजास्त झालं असतं तर म्हातारीनं केलं असं झालं असतं. माझंही घर मुलाचंच आहे.

तपासणी झाली. आमच्या चारही मुलांना हिरवा. तपासणाऱ्या मुलींनी दिवसभरात सगळी शाळा उरकली, त्यांना कुठे खांदे दाबलेले कळणार. शनिवारी सरांनी चारही घरांना पेढे खायला बोलावलं. फळ्यावर मुलांची नावं, पुढे हिरव्या खडूनं बरोबरची खूण, खाली शंभर टक्के निकाल. सरांनी भाषण केलं. मग म्हणाले, आता प्रात्यक्षिक, आणि अन्वीला भिंतीजवळ उभं करून, खुर्चीवर चढून दोरी सोडली. वजन तिच्या टाचांच्या बरोबर मधोमध येऊन थांबलं. आया टाळ्या वाजवायला लागल्या. मी पेढ्यांचं ताट घेऊन दारात होते. अन्वीचा चेहरा मला दिसत होता. ती श्वास धरून उभी होती.

"अन्वी, परीक्षा झाली गं आता," मी म्हटलं. "सोड अंग."

माझा आवाज त्या घरात तोपर्यंत कुणी नीट ऐकला नसेल. अन्वीनं सरांकडे पाहिलं. सर हसून म्हणाले, सोड, सोड, आता सवय लागली आहे तुला.

तिनं सोडलं. उजवा खांदा सगळ्यांसमोर वर गेला. मी ताट खाली ठेवलं, तिला वाक म्हटलं, आणि तो ढगळ टी-शर्ट पाठीवर दोन्ही हातांनी सपाट केला. उजव्या बाजूला आत वाटी पालथी घातल्यासारखं वर आलं. रेणुका जागची उठली आणि परत बसली. अन्वीनं वाकल्या वाकल्याच जर्मनमध्ये विचारलं, आता उठू का.

नितीननं हळू आवाजात विचारलं, "सर, तुम्हाला हे माहीत होतं?"

सर म्हणाले, "हो."

एवढंच. इतकी थट्टा केली त्यांची, तर हेही लिहायला पाहिजे. नाही म्हणाले असते तर चाललं असतं. मी काही त्यांना खोटं पाडलं नसतं, माझ्याच्यानं एका दिवसात तेवढंच बोलणं झालं होतं. पण ते हो म्हणाले, आणि दोरी हातात धरून तसेच खुर्चीवर उभे राहिले. त्यांना खाली उतरवायला शलाकाला यावं लागलं.

हाडांच्या डॉक्टरची वेळ मिळायला सहा आठवडे लागले. त्या दिवसांत सर रोज सकाळी खाली येऊन बेल वाजवायचे आणि काही कळलं का विचारायचे. रेणुका दार उघडायची नाही. मग त्यांनी बेल वाजवणं बंद केलं, नुसते येऊन समोरच्या फुटपाथवर उभे राहायचे. मी खिडकीतून मान हलवून नाही म्हणायचे, की ते जायचे. डॉक्टरांनी फोटो काढले. कणा वाकतो आहे, पण फार नाही, आत्ता पट्टा घातला तर थांबेल, वर्षभरानं आला असतात तर वेगळं बोलावं लागलं असतं. अन्वीला अंगाला घट्ट बसणारा कडक पट्टा मिळाला. आधी चार दिवस रडली, मग त्यावर घोड्यांची चित्रं चिकटवली.

शिफारस आली, मोठ्या शाळेची. रेणुकानं वर्गशिक्षिकेला त्या रंगाचं विचारलं. बाईंना आधी कळेचना. मग म्हणाल्या, तो कागद घरच्यांसाठी होता, शाळेनं तो ठेवलेलाही नाही. चार कुटुंबांनी महिनाभर पोरांना खोकायला शिकवलं होतं.

क्लास अर्थातच बंद पडला. आणि साधारण त्याच सुमाराला गावात दुसरी कुजबूज सुरू झाली, की चौबळ बाटल्या गोळा करतात. इथे रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की पंचवीस सेंट परत मिळतात. गरीब म्हातारी माणसं कचऱ्याच्या डब्यांतून त्या वेचतात. आपली माणसं हसली. कुणी म्हणालं, पेन्शन पुरत नाही वाटतं, कुणी म्हणालं, जावई जेवायला घालत नाही. शलाका दोन महिने मंडळाच्या कार्यक्रमांना फिरकली नाही. लोक एवढंच सांगतात आणि थांबतात.

पुढचं मला माहीत आहे. जानेवारीच्या पहिल्या दिवसांत, नितीन आणि रेणुका कामावर असताना, सरांनी दार वाजवलं. आत या म्हटलं तर आले नाहीत. पायपुसण्यावर उभं राहून त्यांनी माझ्या हातात साडेबारा युरो ठेवले. बाकीचे नंतर, म्हणाले. मी म्हटलं, सर, कुणी मागितले नाहीत. ते म्हणाले, "चुकीचं शिकवून फी ठेवत नाही मी. नितीनला सांगू नका, तो नको म्हणेल." फीचे सगळे पैसे त्यांनी घेतल्या दिवशीच शलाकाच्या हातात दिले होते, घरखर्चाला म्हणून. इथे आल्यापासून घरात दिलेले तेवढेच पैसे होते ते. ते परत मागणं त्यांच्याकडून होणार नव्हतं. पेन्शन तिकडच्या बँकेत, आणि ती काढायची तर जावयाच्या मोबाइलवरून. म्हणून बाटल्या.

महिन्यातून एकदा यायचे. कधी दहा, कधी आठ, मार्चमध्ये सर्दीनं झोपले होते तेव्हा काहीच नाही. अन्वीचं विचारायचे, मी सांगायचे, आणि ते जायचे. कशाला मार्क दिलेले मी त्यानंतर ऐकले नाहीत.

एकदा दुकानात मी त्यांना पाहिलं. बाटल्यांच्या यंत्रासमोर, दोन मोठ्या पिशव्या पायाशी, मागे तरुण पोरांची रांग. प्रत्येक बाटलीसाठी खाली वाकायचे, मग परत वर, पोकासकट. एक बाटली यंत्र घेत नव्हतं, परत परत बाहेर ढकलत होतं. मागच्या पोरानं काहीतरी म्हटलं. सरांनी ती बाटली टोपीनं पुसली, फिरवून परत आत सरकवली आणि हात न काढता वाट बघत राहिले. मी कोथिंबिरीची जुडी घेऊन फळ्यांच्या मागून निघून गेले. त्यांनी मला पाहू नये असं वाटलं.

जुलैच्या शेवटी ते शेवटचं आले. रुमालात सगळी नाणी बांधून आणली होती. डाव्या हातानं दाराची चौकट धरून उजव्यानं माझ्या ओंजळीत एकेक टाकत गेले. मोजून घ्या वहिनी, म्हणाले. मी म्हटलं, बरोबरच असतील. नाही, म्हणाले, मोजा. मी आतून आधीचे पैसे ठेवलेला डबा आणला, दारातच बसले, आणि त्यांच्यासमोर सगळे मोठ्यानं मोजले. पुरे साठ होते.